आधी घर पाहा, मग आराखडा काढा : संरक्षित घरांची कामे घेणाऱ्या आर्किटेक्टना खुले पत्र

प्रति,
जुन्या, संरक्षित घरांची कामे स्वीकारणारे सर्व आर्किटेक्ट आणि त्यांच्या व्यावसायिक संघटना यांस

विषय : न तपासता काढलेले आराखडे आणि बांधकामखर्चावर ठरणारी फी

सप्रेम नमस्कार.

वारसा यादीत असलेल्या एका घराची मी मालकीण आहे. घर दुरुस्तीला आले आहे, त्याबद्दल वाद नाही. दोन तुळयांची भिंतीतली टोके कुजली आहेत. मागच्या भिंतीला कमरेएवढी ओल चढते. जिना एका अंगाला कलला आहे, वायरिंग धोकादायक झाले आहे आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसांना रात्री बाथरूमसाठी जिना उतरावा लागतो. घर यादीत म्हणून परवानगी हवी, परवानगीच्या अर्जावर आर्किटेक्टची सही हवी, म्हणून मी आर्किटेक्ट शोधू लागले. ती अट नसती तरी शोधलाच असता. असे घर नातेवाइकांच्या सल्ल्यांवर सोडण्यासारखे नाही.

ज्यांना काम द्यायचे मी जवळजवळ नक्की केले होते, त्यांचा प्रस्ताव हातात पडला आणि हे पत्र लिहायचे ठरले. प्रस्तावात रस्त्याकडची दर्शनी भिंत तेवढी शिल्लक होती. तिच्यामागचे सगळे, म्हणजे कडीपाट (लाकडी कड्या आणि फळ्यांचे मजले), जिना, आतल्या भिंती, छप्पर, पाडून तिथे आरसीसीचा सांगाडा उभा राहणार होता. सोबतच्या ईमेलमध्ये एवढेच लिहिले होते, की समोरचा भाग राखला की पुरे, परवानगीचे मी बघतो. मी नकार कळवला. त्यानंतर ज्यांच्याकडे गेले त्यांतल्या बहुतेकांचा सूर थोड्याफार फरकाने हाच निघाला. कोणी मागची एखादी भिंत ठेवत होते, कोणी जिना शोभेपुरता ठेवत होते, इतकेच. म्हणून इथे कोणाचेही नाव घेत नाही. नाव घेतले की प्रश्न त्या एका माणसाचा होतो आणि बाकीचे सगळे मोकळे सुटतात.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकते. घर तपासण्याचे पैसे तुम्हाला कोणी देत नाही. पाडून बांधण्याचे मिळतात. हे असेच राहिले तर याद्या, नियम आणि समित्या असूनही घरे आतून संपत जाणार. त्या मुद्द्याकडे येईनच, पण आधी तक्रारी.

पहिली तक्रार अशी, की तुम्ही घर पाहत नाही.

पहिली भेट कशी होते ते सांगते, कारण माणसे बदलली तरी भेट बदलली नाही. लेझरचे यंत्र निघते, खोल्यांची लांबी-रुंदी घेतली जाते, फोनवर भराभर फोटो काढले जातात, ‘काय लाकूड आहे हो तुमच्याकडे’ असे कौतुक होते, आणि मग दिवाणखान्यात बसून विचारपूस सुरू होते : बेडरूम किती हव्यात, गाडी कुठे लावता. माळ्यावर चढता यावे म्हणून मी शिडी काढून ठेवली होती, ती भिंतीला टेकलेलीच राहिली. कुजलेली तुळई दाखवायला मीच आत घेऊन गेले, तेव्हा खालूनच मान वर करून उत्तर मिळाले : ‘हे सगळं जाणारच आहे.’ काही दिवसांनी संगणकावर रंगवलेली चित्रे आली. आमच्या अंगणात नसलेले एक डेरेदार झाड त्यांत होते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी वर गेलेली, बोट जाईल एवढी भेग मात्र नव्हती. नकाशात सगळ्या भिंती एका जाडीच्या आणि सगळे कोपरे काटकोनात. आमच्या घरात काटकोनात बसणारा कोपरा शोधून सापडायचा नाही.

जुन्या घराची मोजणी म्हणजे खोल्यांचे क्षेत्रफळ नव्हे, हे मी तुम्हाला सांगावे असे नाही, तरी सांगावे लागते आहे. कोणती भिंत ओळंब्यातून सुटली आहे, कोणती तुळई किती वाकली आहे, भेग वरच्या बाजूला रुंद आहे की खालच्या, हे नकाशावर यायला हवे. भेग जुनी होऊन थांबली आहे की अजून चालू आहे, हे तर एका भेटीत कळतच नाही. तिच्यावर आडवी काचेची पट्टी चिकटवायची, तारीख लिहायची आणि ऋतू बदलतील तसे पाहत राहायचे. पट्टी तडकली तर भिंत हलते आहे, हे इतके साधे काम आहे. त्याला महागडे यंत्र लागत नाही, फक्त वेळ लागतो. लाकडाचेही तसेच. त्यातला ओलावा साधारण २० टक्क्यांच्या वर टिकून राहिला की ते कुजायला लागते. म्हणजे तुळई बदलण्याआधी तिथे पाणी कुठून येते ते शोधले पाहिजे. पन्हळ फुटली आहे का, कौल सरकले आहे का, बाहेर भर घालून घालून जमीन जोत्याच्या वर आली आहे का. कारण न शोधता नवी तुळई घातली तर तीही त्याच टोकाला कुजेल, आणि लोखंडी घातली तर गंजेल.

दुसरी तक्रार सिमेंटची. इथे जरा सविस्तर लिहिते, कारण ज्या घरांना दुर्लक्षाने मारले नाही त्यांना पुष्कळदा या ‘मजबूत’ दुरुस्तीने मारले आहे.

पोर्टलंड सिमेंटचे पेटंट जोसेफ ॲस्पडिन याने १८२४ मध्ये घेतले, आणि साध्या घरांच्या भिंतींपर्यंत ते पोहोचायला त्यानंतरही बराच काळ गेला. त्याआधीची विटा-दगडांची पक्की घरे बहुतेक चुन्यात उभी राहिली. चुनखडी ९०० अंश सेल्सिअसच्या आसपास भाजली की कळीचा चुना होतो. तो पाण्यात विरवून वाळूत मळला आणि भिंतीत भरला की हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेत हळूहळू पुन्हा चुनखडी होत जातो. हा चुना मऊ आणि सच्छिद्र असतो, आणि भिंतीचे सगळे गणित त्या मऊपणावर आहे. भिंतीत ओल शिरते ती सांध्यांतून आणि गिलाव्यातून बाहेर पडते. पाया जरासा खचला तर ताण चुना घेतो, विटा शाबूत राहतात. झिजायचे तर दर्जा, म्हणजे विटांमधले चुन्याचे सांधे, झिजतात, आणि दर्जा पुन्हा भरता येतात. सिमेंटचा सांधा विटेपेक्षा कठीण असतो आणि पाण्याला वाट देत नाही. मग ओल विटेतून वाट काढते, तिच्याबरोबर आलेले क्षार विटेच्या पृष्ठभागाखाली स्फटिक होऊन बसतात आणि वीट आतून फोडतात.

आमची मागची भिंत याचा पुरावा आहे. तिच्या खालच्या भागाला कधीतरी सिमेंटचा गिलावा झाला होता. या खेपेला त्याचा एक पोपडा सोडवला, तर तो विटेचा दर्शनी थर सोबत घेऊनच निघाला. मागे उरलेली वीट अंगठ्याने चोळली की तिची भुकटी होत होती, आणि तिच्यावर क्षाराची पांढरी लव आली होती. हातभर वर, जिथे जुना चुना टिकून होता, तिथे त्याच भट्टीतली वाटावी अशी वीट ठोकल्यावर खणखणत होती. ओलही सिमेंट लावलेल्या भागातून कमी झाली नव्हती, फक्त वर सरकली होती. हे सगळे मी हाताला धरून दाखवले. त्यावर सुचवलेला उपाय होता : वॉटरप्रूफ सिमेंटचा गिलावा आणि वरून ॲक्रिलिक रंग. त्याच प्रस्तावात आतल्या जमिनीवर काँक्रीट आणि टाइल्सही होत्या, म्हणजे जमिनीतून सुटणारी ओलसुद्धा भिंतींकडेच वळणार.

तुम्ही म्हणाल, मोठमोठ्या तज्ज्ञांनीही आधुनिक साहित्य वापरले आहे. वापरले आहेच. स्मारकांच्या जतनाबद्दलच्या १९३१ च्या आंतरराष्ट्रीय अथेन्स सनदेने स्मारकांच्या दुरुस्तीत आधुनिक साधनांचा, विशेषतः आरसीसीचा, विचारपूर्वक वापर मान्य केला होता. त्याच शहरात अभियंते निकोलाओस बालानोस यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पार्थेनॉन या प्राचीन मंदिराच्या दुरुस्तीत लोखंडी पकडी आणि सळ्या घातल्या. प्राचीन कारागिरांनीही लोखंड वापरले होते, पण त्यांनी ते शिशात बुडवून बंद केले होते. बालानोस यांचे लोखंड उघडे राहिले, गंजले, फुगले आणि त्याने संगमरवर फोडला. १९७५ मध्ये तिथे स्थापन झालेल्या समितीच्या हाताखाली ते लोखंड काढून टायटॅनियम बसवण्याचे काम कित्येक वर्षे चालले. जतनाबद्दलचीच १९६४ ची आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनद याबाबत अधिक सावध दिसते. जिथे पारंपरिक पद्धत पुरी पडत नाही तिथेच आधुनिक तंत्र, आणि तेही त्याची उपयुक्तता शास्त्रीय माहितीने आणि अनुभवाने सिद्ध झालेली असेल तर. मला सिमेंटशी वैर नाही. नवे घर बांधले तर सिमेंटातच बांधीन. पण चुन्याच्या भिंतीवर ते लावणाऱ्याने ‘का’ याचे उत्तर द्यायला हवे, आणि ‘मजबूत असतं’ हे उत्तर नव्हे.

तिसरी तक्रार दर्शनी भिंतीची. मागचे सगळे पाडून समोरचे तोंड ठेवण्याला तुम्ही ‘जतन’ म्हणता, अर्जावरही तसे लिहिता. घर म्हणजे तोंड नव्हे. शिवाय हा केवळ भावनेचा प्रश्न नाही. कडीपाट आणि आतल्या आडव्या भिंती बाहेरच्या भिंतींना धरून ठेवतात. ‘ही भिंत वजन घेत नाही, काढून टाकू’ असे म्हणताना ती आणखी कोणाला सावरून आहे ते कोणी पाहिले? माझ्या प्रस्तावात त्याबद्दल अवाक्षर नव्हते.

चौथी तक्रार खोट्या जुनेपणाची आहे, आणि ती खऱ्या जुन्या वस्तू पाडणाऱ्यांकडूनच येते, याची गंमत वाटते. खरा जिना जाणार होता, पण बाल्कनीखाली नवे नक्षीदार ब्रॅकेट येणार होते. आमच्या बाल्कनीला असे ब्रॅकेट कधी नव्हते. जुन्या फोटोंत नाहीत, भिंतीत त्यांच्या खोबणी नाहीत. ‘लूक’ येतो म्हणून घालायचे. हा मोह आजचा नाही. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये आर्किटेक्ट व्हियोले-ल-द्यूक यांनी कार्कासोनच्या तटबंदीच्या बुरुजांवर स्लेटची टोकदार छपरे चढवली, आणि ती त्या प्रदेशाची नव्हेत अशी टीका त्यांच्यावर झाली. इमारतीला पूर्ण रूप द्यावे, मग ते रूप तिला पूर्वी कधी असो वा नसो, असे त्यांचे उघड मत होते. निदान ते विचार करून आणि उघडपणे बोलले. या असल्या ‘जीर्णोद्धारा’च्या विरोधात ब्रिटनमध्ये विल्यम मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७७ मध्ये प्राचीन इमारतींच्या रक्षणासाठी संस्थाच काढली, आणि रोजची निगा राखून पडझड थोपवा, असा आग्रह धरला. व्हेनिस सनदेचे ९ वे कलम सांगते, की जिथे अंदाज सुरू होतो तिथे जीर्णोद्धार थांबला पाहिजे. तुमच्यापैकी अनेकांनी ही सनद शिकताना वाचली असेल. प्रस्ताव लिहिताना ती कुठे जाते?

पाचवी तक्रार लहान आहे. यादीत घर आहे म्हटल्यावर तुमच्या चेहऱ्यावर जो भाव येतो तो अडचणीचा असतो. अर्जात ‘अंतर्गत दुरुस्ती’ असे दोन शब्द लिहायचे आणि त्यांत अर्धे घर पाडायचे, ही युक्ती मला एकाहून अधिक ठिकाणी, अगदी उपकार केल्यासारखी, सुचवण्यात आली. उद्या काम थांबवण्याची नोटीस आली तर ती घरमालकाच्या नावाने येते, हे कोणी सांगितले नाही.

आता मुळाशी येते.

तुमची फी बहुतेक ठिकाणी बांधकामाच्या एकूण खर्चाच्या टक्क्यांत ठरते. नव्या इमारतीसाठी ते चालत असेल. जुन्या घरात त्याचा परिणाम उलटा होतो. ‘ही तुळई राहू द्या, फक्त टोक बदला’ असे जो सांगेल त्याचे उत्पन्न कमी होते. ‘सगळं काढून नवीन करू’ म्हणणाऱ्याचे वाढते. शल्यवैद्याने कापून काढलेल्या मांसाच्या वजनावर फी घ्यावी असा हा प्रकार आहे. मी असे म्हणत नाही की तुम्ही पैशासाठी घरे पाडता. बहुतेकांना आपण योग्य तेच करतो आहोत असे मनापासून वाटत असणार. पण ज्या पद्धतीत पाहण्याला किंमत शून्य आणि पाडण्याला टक्केवारी, तिथे शिडीवर चढायला वेळ कोणाकडे असणार? ऑस्ट्रेलियातल्या जतनतज्ज्ञांनी १९७९ मध्ये स्वीकारलेली आणि पुढे सुधारत नेलेली बुरा सनद म्हणते, गरजेपुरता बदल करा आणि शक्य तितका कमी करा. हे तत्त्व आणि टक्क्यांची फी एका टेबलावर बसूच शकत नाहीत.

हे वेगळ्या तऱ्हेने होऊ शकते, हेही मी पाहिले आहे. खूप शोधल्यावर एक आर्किटेक्ट बाई भेटल्या. त्यांनी फोनवरच सांगितले, की पाऊस पडत असेल अशा दिवशी येईन. आल्या त्या जुन्या कपड्यांत, हातात टॉर्च, स्क्रूड्रायव्हर आणि लहान हातोडी. पहिला प्रश्न बेडरूमचा नव्हता. कोणती दुरुस्ती कोणी, केव्हा केली, हे विचारले. मग बाहेर छत्री धरून पन्हळीखाली बराच वेळ उभ्या राहिल्या. पाणी कुठे ओघळते ते मला दाखवले, तर ते नेमके कुजलेल्या तुळईच्या टोकावर. माळ्यावर चढून त्यांनी तुळईत स्क्रूड्रायव्हर टोचला. भिंतीलगत तो मुठीपर्यंत आत गेला. थोडे सरकून पुन्हा टोचला, निम्मा गेला. आणखी हातभर अलीकडे टोचला तेव्हा नुसता ओरखडा उठला. ‘एवढंच गेलंय,’ त्या म्हणाल्या आणि तिथे खडूची रेघ मारली. जी तुळई आधीच्या प्रस्तावांत ‘जाणारच’ होती, तिचा फार मोठा भाग ठणठणीत होता. कुजलेले टोक कापायचे, वाळलेल्या जुन्या लाकडाचा तुकडा लांब तिरप्या सांध्याने बोल्ट घालून जोडायचा, आणि भिंतीतल्या टोकाभोवती हवा खेळायला जागा ठेवायची, असा उपाय त्यांनी अहवालात लिहून दिला.

त्या अहवालाची फी त्यांनी वेगळी आणि आधी सांगितली. पुढचे काम त्यांना देईन न देईन, अहवाल माझा. त्यात पहिले काम पन्हळीचे होते. दुसरे, बाहेरची चढलेली जमीन जोत्याच्या खाली उतरवण्याचे. तिसरे, सिमेंटचा गिलावा काढून भिंत काही महिने उघडी ठेवण्याचे, कारण ओल्या भिंतीवर चुना घाईने लावण्यात अर्थ नाही. भेगेबद्दल त्यांनी स्वच्छ लिहिले होते, की कारण आज सांगता येत नाही, पट्ट्या लावून पाहू आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवू. वरच्या मजल्यावरच्या बाथरूमसाठी त्यांनी मागच्या, नंतर जोडलेल्या भागात जागा काढली. तिथे जतन करण्याजोगे काही नव्हते, आणि पाइप बाहेरून नेता येत होते. वायरिंग भिंती खोदून नव्हे तर उघड्या पट्ट्यांतून न्यावे, म्हणजे उद्या काढले तर मागे खूण राहणार नाही. बांधकामाचा एकूण खर्च आधीच्या कोणत्याही प्रस्तावापेक्षा कमी निघाला. टक्क्यांनी फी घेतली असती तर माझ्या घरावर त्यांचे नुकसानच झाले असते, आणि हे त्यांनी हसत हसत बोलूनही दाखवले.

थोडे आम्हा मालकांबद्दल. आम्हीही शहाणे नसतो. आम्हाला सगळे एकदम आणि लवकर हवे असते, अहवालाचे पैसे म्हटले की कपाळाला आठ्या पडतात, आणि शेजारच्यांच्या नव्या घराशी तुलना चालू असते. पण संग्रहालयात राहा असेही आम्हाला कोणी सांगू नये. वापरात राहिलेले घर टिकते. व्हेनिस सनदेचे ५ वे कलमही वापराला उत्तेजनच देते, फक्त त्यासाठी इमारतीची रचना आणि सजावट बदलू नका म्हणते. आमच्या गरजा आणि घराची प्रकृती यांचा मेळ घालणे, आणि जिथे बसत नाही तिथे आम्हाला ‘नाही’ म्हणणे, यासाठीच तर तुम्हाला बोलवायचे. मालकाच्या प्रत्येक मागणीला मान डोलावणारा आर्किटेक्ट मला स्वस्तात नको आणि महागातही नको.

मागण्या अशा.

तपासणी आणि आराखडा ही दोन वेगळी कामे माना. तपासणीची फी वेगळी सांगा, ठोक किंवा वेळेवर, आणि अहवाल मालकाच्या हाती द्या, पुढचे काम तुम्हाला मिळो वा न मिळो. हा अहवाल होईपर्यंत कोणतेही रंगीत चित्र दाखवू नका. चित्र पाहिले की मालकाचे मन तिथेच अडकते, आणि तुम्हालाही ते माहीत असते.

संरक्षित घरांच्या कामात बांधकामखर्चावरची टक्केवारी बंद करा. ठोक फी घ्या, तासांवर घ्या, टप्प्यांवर घ्या, आणि पुरेशी घ्या. कमी पाडण्याचा सल्ला देणाऱ्याला तोटा होता कामा नये. यासाठी संघटनांनी फीचा वेगळा नमुना करार तयार करून जाहीर करावा. ही या पत्रातली सर्वांत महत्त्वाची मागणी आहे, आणि बाकीच्या अर्ध्या मागण्या हिच्यामुळेच आपोआप पूर्ण होतील, असे मला वाटते.

जो भाग काढायचा आहे त्या प्रत्येकापुढे कारण लिहा. तुळई, जिना, खिडकी, गिलावा, प्रत्येक. ‘जुने झाले’ हे कारण चालणार नाही. दुरुस्ती का होत नाही ते लिहा. परवानगीच्या अर्जात ‘अंतर्गत दुरुस्ती’ अशा गोल शब्दांआड काही लपवू नका.

चुन्याच्या भिंतीवर काय लावणार ते नाव आणि प्रमाणासह लिहा, आणि सगळ्या भिंतीला हात घालण्याआधी एका लहान तुकड्यावर करून दाखवा. तो वाळेपर्यंत थांबा. चुन्यात हात बसलेला गवंडी मिळत नसेल तर तसे स्पष्ट सांगा. सिमेंटाचे काम करणाऱ्याच्या हाती चुन्याची थापी देऊन मोकळे होऊ नका. आणि काम चालू असताना या. छप्पर उघडले, गिलावा निघाला की नकाशात नसलेल्या गोष्टी दिसतात. त्या वेळी निर्णय ठेकेदाराने घ्यायचा नसतो.

जतनाच्या कामाचा अनुभव नसेल तर तसे पहिल्या भेटीत सांगा. त्यात कमीपणा नाही. उत्तम नवी घरे बांधणाऱ्या माणसाला चुना कळलाच पाहिजे असे नाही. संघटनांनी मात्र असा अनुभव कोणाकडे आहे, त्यांनी कोणती घरे केली आणि ती पाहता येतील का, याची यादी मालकांसाठी खुली ठेवावी. आज मालकाला हे तोंडी चौकशीतून शोधावे लागते, आणि सगळ्यांना माझ्याएवढा वेळ नसतो.

काम संपल्यावर घराला त्याची नोंद द्या : आधीचे आणि नंतरचे फोटो, काय बदलले, काय तसेच ठेवले, कोणता चुना, कोणते लाकूड, पन्हळी कधी साफ करायच्या, काय कधी तपासायचे. आमच्या घरात हे नव्हते, म्हणून सिमेंटचा गिलावा कोणी आणि का लावला हे आज कोणालाच सांगता येत नाही.

सिमेंटबद्दलचे म्हणणे ज्यांना पटत नसेल त्यांना एक आमंत्रणही देते. आमची मागची भिंत सध्या उघडी आहे आणि वाळेपर्यंत तशीच राहणार आहे. येऊन पाहावी, हात लावून पाहावा. शिडी मी काढून ठेवीन.

संघटनांनी निदान फीच्या मागणीवर उत्तर द्यावे. मान्य नसेल तर का नाही, तेही सांगावे. पत्र जाहीर आहे, म्हणून उत्तरही जाहीर असावे, ही विनंती.

आपली,
एका संरक्षित घराची मालकीण